चकमकीचा गोटा

मानोरा, शनिवार, संध्याकाळ

गुरुवारी इथे लिहिलं की दगडी पातं शेतात सापडलं. चूक. ते गोठ्याच्या कोनाड्यात होतं. शेतातलंच असणार, असं मीच धरून चालले. त्याची झडलेली कड नाईलकाठच्या प्राचीन हाल्फा संस्कृतीतल्या पात्यांसारखी दिसली. इतिहासाच्या मॅडमनी कॉलेजातल्या प्रदर्शनात त्या पात्यांच्या चित्रांशेजारी ते माझ्या नावानिशी मांडलं.

आज बाबांना फोटो दाखवला. हसले. "हा तं तुह्या आज्याचा चकमकीचा गोटा. बिडी पेटवून पेटवून कड झडली त्याची. बुढ्याले थेट आफ्रिकेत धाडलं काय वं?"

याच बाबांनी घरी अक्षरं शिकवताना सांगितलं होतं, माहीत नसलं तं इचारावं. का नाही विचारलं? ती कड इतकी आवडली म्हणून?

मंगळवारी शाळांची मुलं ते पाहायला येणार. मॅडमना फोनवर नको. समोर उभी राहून सांगेन, सोमवारी.