जिन्याखाली ठेवलेला निवडुंग

मी, खाली सही करणारी, शिवणकामावर संसार केलेली विधवा, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर गप्प बसून कंटाळले म्हणून, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते लिहून ठेवत आहे.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलास मिळावे. तसा शब्द मी त्याच्या वडिलांना दिला होता. मुलाच्या वागण्याशी या कलमाचा संबंध जोडू नये.

२. शिलाई मशीन सुनेने घ्यावे. ती वापरणार नाही हे मला ठाऊक आहे. विकताना निदान पुसून विकावे.

३. कुंडीतला जुना निवडुंग. मुलगा रांगत होता तेव्हा यजमानांनी हा अंगठ्याएवढा आणला. खुब्याच्या ऑपरेशनसाठी मी दवाखान्यात असताना मुलाने बाल्कनी बंद करून तिथे कपाटे केली आणि कुंडी जिन्याखाली अंधारात ठेवली. सून येता-जाता बाटलीतले उरलेले पाणी त्यात ओतत असे. मी परतले तेव्हा बुंधा कुजून लिबलिबीत झाला होता.

"आई, नवीन आणू की," मुलगा म्हणाला. "त्यात काय एवढं?"

तळमजल्यावरच्या बुकबाइंडरने वरचा धड भाग सुरीने कापून दिला. काप सुकून घट्ट होईपर्यंत मी तो सावलीत ठेवला, मग कोरड्या वाळूत रोवला. उन्हासाठी त्याने आपल्या दुकानाची खिडकी दिली. काही वर्षे नुसतीच गेली. मागच्या थंडीत पाणी पार तोडले, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काट्यांतून लोकरी कळी निघाली.

फूल उमलले त्या सकाळी मी मुलाला म्हटले, "जाताना खिडकीशी थांब रे. उद्या मिटेल."

"उशीर झालाय, आई. संध्याकाळी बघतो."

तळहाताएवढे, फिकट पिवळे फूल. असे तलम कापड माझ्या हाताखालून कधी गेले नाही. दिवसभर मी तिथेच बसून होते. बुकबाइंडर पुठ्ठा घ्यायला उठला की दर वेळी तिथे रेंगाळायचा. "ताई, आपण तर आशा सोडली होती," म्हणाला. संध्याकाळी मुलगा फोनवर बोलत खिडकीसमोरून वर गेला.

निवडुंग बुकबाइंडरास द्यावा. मुलाने आईची आठवण म्हणून मागितल्यास देऊ नये. बुकबाइंडरास यातून लाभ होत असल्याने त्याची साक्ष घेतलेली नाही.

हा मजकूर काल मी मुलाला वाचून दाखवला. तिसऱ्या कलमाला त्याने मान खाली घातली. बोलेल असे वाटले, म्हणून मी थांबले.

"आई," तो म्हणाला, "घराचं कलम पक्कं आहे ना?"

पक्के आहे.

सही

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरच्या औषध दुकानाचे मालक (सही)
२. वरच्या मजल्यावरील निवृत्त शिक्षिका (सही)

ठिकाण: राहते घर, शिवणाची खोली
दिनांक: फूल गळाल्यानंतरचा सोमवार