हळदीचा डाग

विश्वंभरदादास, पुण्याहून आशाचा नमस्कार.

यांना जाऊन महिना झाला होता. सकाळी धुणं धुताना यांच्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग सोड्यानं लाल झाला आणि माझे हात थांबले. प्रतीक्षा म्हणाली, "आई, रक्त न्हाई ते. सोडा लागला की हळद लाल होते. व्हिडिओत सर सांगून राहिले होते." तेव्हापासून तिच्याशेजारी बसून मीही ते धडे ऐकले.

प्रतीक्षाला तुझ्याकडे ठेवून मी इथं वसतिगृहात पोळ्या करते, माझं बरं आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे?

फोनवर तू बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. परवा म्हणालास, "पोरीला मोबाईल काहून पाहिजे? घेतला काढून." मागं क्रिकेट चालू होतं. ते कुणाच्या मोबाईलवर, हे मी विचारलं नाही. तिचा मोबाईल तिच्या बापानं तिच्या अभ्यासासाठी घेतला होता. बारावीचा रसायनशास्त्राचा पेपर तीन आठवड्यांवर आलाय, आणि असेंद्रिय रसायनाचा भाग तिला कॉलेजात कुणी शिकवलाच नाही.

रविवारी तिला न्यायला येते. पेपराला मीच तिकडं आणून सोडीन. मोबाईल तिच्या दप्तरात ठेव.

तू फोन ठेवलास, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वसतिगृहाच्या मॅडमला विचारून माझ्या खाटेशेजारी तिची खाट लावली.

तुझी बहीण,
आशा