ढब्बूचं बटण

४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ढब्बू जिन्यावरून पडला तेव्हापासून मागचे पाय ओढतो आणि लघवी आत तुंबते, हे तुला काय सांगू? त्याच्या नसेला तार तूच जोडलीस. रोज तीनदा तुझ्या यंत्राचं बटण दाबून तारेत वीज सोडते, मग हातानं पोट दाबून उरलेली लघवी मापात धरते. साठ मिली उरायची, आता चाळीसवर आली. सगळं वहीत टिपलंय. घरातला रेडिओ उघडून ठेवणारा तू असा कामाला येशील असं कुणाला वाटलं होतं!

तुमच्या प्रयोगात निम्म्या कुत्र्यांची यंत्रं तुलनेसाठी बंद ठेवणार, पण ढब्बूचं सुरू आहे, असं तू गळ्याशपथ सांगितलंस. म्हणून इथल्या डॉक्टरांना ऑपरेशन नको म्हटलं. उशीर झाला तर उपयोग नाही, असं ते म्हणत होते. वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

प्रयोग संपला. आता लपवत नाही, ढब्बूचं यंत्र बंदच होतं. बंद गटात एक कुत्रा कमी पडत होता. परका मालक तक्रार करील, ताई फार तर चार दिवस अबोला धरील, असं मनाशी धरलं. चुकलो. महिनाअखेरच्या रविवारी येऊन सुरू करतो.

एक मात्र कळत नाही. वीज नसताना तू पाठवलेल्या वहीत साठाचे दहा कसे झाले? आमचे साहेब डोकं धरून बसलेत. रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

८ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद लिहिलेत असं समज.

साठाचे साठच होते. प्रयोग फसतोय म्हणून तुझी पत्रं रडवेली यायची. माझ्या कुत्र्यापायी भावाचा प्रयोग बुडू नये, म्हणून आकडे कमी करत गेले. आज ना उद्या फरक पडेल अशी खात्रीच होती. साहेबांना खरं सांग, वहीवर काट मार.

पण तुझं खोटं ढब्बूला भोवलं. काल डॉक्टर म्हणाले, लघवीची पिशवी ताणून सैल पडलीय. आता ऑपरेशन नाही, विजेचाही उपयोग नाही, जन्मभर हातानंच दाबायचं. परक्यानं केलं असतं तर दारात जाऊन भांडले असते. तू पाठचा भाऊ, तू केसानं गळा कापलास. फार लागलं रे मला.

त्या रविवारी ये, पण सुरू करायला नको, तार काढायला ये. ढब्बू नेहमीसारखे तुझे हात चाटेल. त्याला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

ताई