बिनश्रीचं पत्र

॥ श्री ॥

अल ऐन, २१ नोव्हेंबर २००३

ती. आशाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझी भावजय मनोरमा म्हणते की ताईंना फोनच करत जा. पण मागच्या खेपेला मी पगार वाढला म्हणून ओरडलो आणि तू दहा मिनिटं पाय का सुजला ते विचारत राहिलीस. शेजारच्या टेलरला वाटलं, भांडण चाललंय. त्यापेक्षा पत्र बरं.

आमच्या इनाबासानांबद्दल विचारलंस. सत्तरीचे जपानी गृहस्थ. कंपनीच्या नोकरीसाठी आखातातल्या या वाळवंटात आले, नोकरी संपली, बायको इथेच वारली, तेव्हा शिलाई मशिनांचं दुकान टाकून बसले. मी त्यांच्याकडे अकरा वर्षं आहे. नावापुढचं सान म्हणजे आपल्यातलं राव, मानाने लावायचं. मला ते बिकासान म्हणतात.

साखरेने त्यांचे डोळे खाल्लेत. माणूस आवाजावरून ओळखतात, सुईत दोरा जिभेने ओवतात. सध्या रमजान, त्यामुळे गिऱ्हाइकांकडून खजुराच्या पेट्या येतात. त्यांच्या मते खजूर हे फळ आहे, साखर नव्हे. मी पेटी लपवतो, ते वासावरून शोधतात.

जपानात त्यांची एक थोरली बहीण आहे. तिला ते नेसान म्हणतात, म्हणजे ताईच. बापाचं दुकान विकून हे इकडे आले म्हणून तिने अबोला धरला, तो आजतागायत. नवीन वर्षाला तिचं एक कार्ड येतं, यांचं एक जातं, बस्स. गेल्या कार्डात तिने लिहिलं की तुझ्या डोळ्यांना माझं तोंड दिसतंय तोवर एकदा येऊन जा. ते वाक्य मी वर्षभर ऐकतोय. आता ठरलं. डिसेंबरात आणि जानेवारीत डोळ्यांचं लेझर, फेब्रुवारीत जपान. महिनाभर दुकान बंद, म्हणजे मी तुझ्याकडे. तांदळाची बोरं करून ठेव.

लोभ आहेच, कानही डॉक्टरला दाखव.

तुझा,
भिकाजी

॥ श्री ॥

देवरूख, १ डिसेंबर २००३

चि. भिकाजीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फेब्रुवारीत येतोस हे वाचून बोरांचं पीठ आत्ताच काढायला निघाले होते. डॉक्टरने उजवा कान गेला असं सांगितलं. डावा आहे तो चांगल्या बातम्यांपुरता ठेवते.

तुमच्या मालकांचा देश उलटाच दिसतो. आपण लहानाला सान म्हणतो, ते थोराला म्हणतात! आणि इतकी वर्षं अबोला धरायला त्या बाईच्या अंगात दम हवा. मी तुझ्याशी धरला, तर तिसऱ्या दिवशी मलाच बोलावंसं वाटेल.

पण एक ऐक. अबोला धरलेली बहीण ये म्हणते, ते उगीच म्हणत नाही. त्यांना माझा निरोप सांग की फेब्रुवारी कशाला, आत्ताच जा. लेझरबिझर मागाहून.

मनोरमा परवा येऊन गेली, खुशाल आहे. प्रकृतीला जप.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

अल ऐन, १९ डिसेंबर २००३

ती. आशाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा निरोप सांगितला. इनाबासान हसले आणि म्हणाले की ताया सगळ्या देशांत सारख्याच, हुकूम सोडतात. पण पहिलं लेझर झालंय, दुसरं जानेवारीत आहे. डॉक्टर म्हणाला की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखायची. इनाबासान म्हणाले की एक चेहरा दिसेल एवढी पुरे. बारा फेब्रुवारीचं तिकीट काढलं. यल्ला, म्हणजे चला, आता मागे फिरणं नाही.

दुकानात टीव्ही सतत चालू असतो. ते पाहत नाहीत, ऐकतात. त्यांच्या देशाचे सैनिक आता इराकात जाणार, म्हणे लोकांना पाणी द्यायला. त्या दिवशी त्यांनी बराच वेळ मशीनचं चाक नुसतंच फिरवलं. मग सांगू लागले. ते दहा-अकरा वर्षांचे असताना रेडिओवरही असंच सांगायचे, की आपली पोरं दुसऱ्यांच्या मदतीला चाललीत. त्यांचा मोठा भाऊ असाच गेला. परत आली ती एक लाकडी पेटी, आणि पेटीत अस्थींऐवजी एक दगड. ती पेटी स्टेशनपासून घरापर्यंत नेसानने छातीशी धरून आणली, रडली नाही. सरकारं बदलतात, पेटी उचलणारे हात तेच असतात, असं म्हणाले. मी चहा केला, बिनसाखरेचा.

आता गंमत ऐक. जपानात नववर्षाची सगळी कार्डं पोस्ट एक जानेवारीच्या सकाळीच वाटतं. म्हणून यांचा दंडक आहे की डिसेंबरात आलेलं कार्ड ड्रॉवरमध्ये रबर लावून ठेवायचं, एक तारखेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. यंदा माकडाचं वर्ष आहे, सगळ्यांवर लाल माकड. नेसानच्या गावचं कार्ड मात्र चार तारखेलाच पोस्ट बॉक्समध्ये सापडलं. तिच्या पत्त्यात खिडकीसारखं एक अक्षर आहे, त्यावरून मी ओळखतो. त्यावर माकड नाही, करड्या रंगाचं कमळ आहे, फार सुबक. रबर लावून ठेवलंय. त्यांनीही दहा तारखेला आपलं कार्ड पाठवलं, जाड मार्करने, ओळी एकमेकींवर चढलेल्या. येतोय असं त्यात लिहिलंय.

इन्शाल्ला, फेब्रुवारीत भेटू. माया असू दे.

तुझा,
भिकाजी

अल ऐन, २ जानेवारी २००४

ताई,

माझ्या हातून काय झालं ते तुलाच सांगतो.

काल सकाळी इनाबासान नवा शर्ट घालून बसले. मी ड्रॉवरमधली कार्डं काढली आणि एकेक वर्णन करून सांगू लागलो. झाडावरचं माकड, चष्मा लावलेलं माकड. ते हसत होते. शेवटी मी नेसानचं काढलं आणि म्हणालो की यावर कमळ आहे. त्यांनी रंग विचारला. करडा, मी म्हणालो. लाल कुठेच नाही का, असं विचारलं. नाही म्हणालो. मग आलं कधी ते विचारलं. मी चार डिसेंबर सांगितलं.

त्यांच्याकडे ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलं असेल, ते घर नववर्षाच्या शुभेच्छा देत नाही, घेतही नाही. लोकांनी चुकून पाठवू नयेत म्हणून वर्ष संपण्याआधीच असं करडं कार्ड पाठवतात. हे मला काल कळलं.

भिंग लावून त्यांनी पाहिलं, काही दिसेना. इथे जपानी वाचणारं दुसरं आहे कोण? शेवटी त्यांनी माझा तळहात धरला आणि बोटाने एक अक्षर काढलं. तिरका चौकोन, मधून आडवी रेघ, आत वर-खाली दोन ठिपके. हे कार्डावर आहे का बघ म्हणाले. ताई, ते पहिल्याच ओळीत होतं. मी आहे म्हणालो. ते म्हणाले, हे अक्षर म्हणजे आई. कार्ड नेसानच्या मुलाचं आहे.

अख्ख्या जन्मात मी जपानी एवढंच वाचलं.

रागावले नाहीत. दंडक माझाच होता, म्हणाले. आपलं कार्ड त्या सुतकी घरात जाऊन पडलं, नववर्षाच्या आनंदाचं, येतोय म्हणून, याचीच त्यांना लाज वाटत होती. मी महिनाभर त्या ड्रॉवरवर टेकून चहा पीत होतो गं.

भिकाजी

॥ श्री ॥
॥ श्री ॥

देवरूख, १६ जानेवारी २००४

चि. भिकाजीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोनदा लिहिलाय, नीट बघ. तुझ्या पत्रावर श्री नव्हता! बिनश्रीचं पत्र आपल्याकडे कसलं असतं, हे विसरलास? पोस्टमन अजून अंगणातच होता. अक्षर तुझं, म्हणजे तू आहेस एवढं कळलं. मग कोण? मनोरमा तर सकाळीच भेटलेली. कठड्याला धरून वाचलं.

वाचून झाल्यावर रीतीप्रमाणे फाडलं आणि डोक्यावरून पाणी घेतलं. शेजारची हेमा विचारत होती की काकू, कोण गेलं? जपानातली एक ताई गेली म्हटलं. तिला वाटलं, कानाबरोबर डोकंही गेलं.

तुझा दोष नाही असं मी म्हणणार नाही, तुला ते पटणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, त्यांना दिसत नव्हतं. दोघांत मिळून एक माणूस होत होता, तो नेमका त्या महिन्यात झाला नाही.

ते जाणार का रे आता? ते गेले नाहीत, तर तुझंही येणं राहिलं, हे मला कळतं. ये म्हणून एक ओळ लिहिली होती, ती खोडलीय. खाडाखोड दिसेल. माझे डोळे अजून शाबूत आहेत. थांबेन, पण फार थांबवू नकोस.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

अल ऐन, १३ फेब्रुवारी २००४

ती. आशाताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल विमान गेलं. इनाबासान गेले नाहीत. कोणाचं तोंड बघायला जाऊ, म्हणाले. दुसऱ्या लेझरलाही गेले नाहीत, मी टॅक्सी दारात आणून उभी केली तरी. आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. दुकान उघडून बसतात, टीव्ही मात्र लावू देत नाहीत. त्यांना एकटं टाकून कसा येऊ, ते तूच सांग. आणि नाही आलो तर तुला काय सांगू, तेही तूच सांग. बोरं मनोरमेला दे.

तू पाणी घेतलंस ते मी त्यांना सांगितलं. ते उठून माझ्यासमोर कमरेत वाकले. ते तुझ्यासाठी होतं.

दोनदा श्री का लिहिला होता, असं विचारत होते. मी सांगितलं की पत्र उघडल्याबरोबर, एक शब्दही वाचायच्या आधी, सगळे जिवंत आहेत हे कळावं म्हणून. यावर म्हणाले की असं अक्षर आम्हाला हवं होतं. मग मला हात पुढे करायला लावला आणि ते तळहातावर काढून दाखव म्हणाले. आठ दिवस गिरवतायत.

या पत्रावरचा श्री वाकडा आहे, वेलांटी कागदाबाहेर गेलीय. तो त्यांनी काढलाय. हे पत्र फाडू नकोस.

तुझा,
भिकाजी