दादाने पाठवलेलं नाव

अ‍ॅशबर्न, १४ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप दादास रेणूचा साष्टांग नमस्कार.

गुडघे कसे आहेत? माझे तुझ्यासारखेच हट्टी. तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस, म्हणून शेजारच्या विवेकबरोबर हे पत्र पुण्याला पाठवतेय. सोबत बदाम आहेत. आधी ते खा, मग पुढचं वाच.

परवा तुझ्या मिहीरच्या मुलीचं बारसं झालं. त्याला बहीण नाही, म्हणून आत्या मीच. बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. तुझ्या सुनेची, मारिसेलची, आई घाबरून मध्ये पडली. "नो हिटिंग! शी इज ओल्ड!" धपाटे परवडले, ते 'ओल्ड' लागलं.

तुझ्या विहीणबाई फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरच्या. त्यांच्याकडे जुनं झाड तोडायचं तर आधी त्यातल्या 'दिवाता'ची परवानगी मागतात. दिवाता म्हणजे आपली देवताच रे! व्याही मनिलाचे, तागालोग बोलणारे. त्यांच्या पूर्वजांचा थोरला देव 'बाथाला'. तू छडी घेऊन माझ्याकडून 'भट्टार म्हणजे पूज्य, स्वामी' असं घोकून घेतलंस, तोच हा. गळ्यात क्रूस आणि तोंडी तुझं संस्कृत! आणि तू मात्र "आपल्यातली नाही" म्हणून लग्नालाही आला नाहीस.

बारशाआधीचं एक सांगायचं राहिलं. नाव काही ठरेना. व्याही सारखे विचारत होते, "व्हॉट डज हर ग्रँडफादर से?" मिहीर मान खाली घालून पाळण्याला फुगे बांधत बसला. मला ते बघवेना. मी ठोकून दिलं, "दादाने नाव पाठवलंय. दिवाता. अर्थसुद्धा त्यानेच शोधलाय."

"बाबांनी? सीरियसली, आत्या?" म्हणाला, आणि एवढा मोठा घोडा ढसाढसा रडला. मग मीही रडले.

तो रविवारी तुला फोन करणार आहे, थँक्यू म्हणायला. तीन वर्षांनी. उचल, दादा. "कोण मिहीर?" असं विचारू नकोस. हवं तर तासभर व्युत्पत्ती सांग, तो ऐकेल. फक्त नाव तू ठेवलं नाहीस, एवढं सांगू नकोस. खोटं बोलल्याचे धपाटे मी आधीच खाल्लेत.

दिवाताच्या आजोबांची खोटारडी बहीण,
रेणू