नदीतून निघालेला राणीछाप

आई, काल मी पंचवटीत एक रुपया बघायला गेले होते. बघायला म्हणजे घ्यायचा की नाही ते ठरवायला. तुला सांगितल्याशिवाय ते ठरवणं पुरं होत नाहीये, म्हणून शाळेचे कोरे कागद घेऊन बसले आहे. शाळेचे कागद घरी वापरू नयेत असं मीच सगळ्यांना बजावत असते, तेवढं सोडून दे.

आमच्या शाळेतले इतिहासाचे सर निवृत्त होत आहेत. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद आहे. निरोपाला शाल-श्रीफळाबरोबर एखादं नाणं द्यावं असं ठरलं आणि पर्यवेक्षिका म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर इथेच राहिला. त्यावर आता नाणीसुद्धा विकत मिळतात; घरबसल्या फोटो बघायचा, पसंत पडलं तर कळवायचं, नाणं पोस्टाने घरी येतं. प्रत्येक नाण्याला ग्रेड दिलेली असते, म्हणजे ते किती झिजलं, किती खराब झालं यावरून दिलेले गुण. मी वरच्या ग्रेडपासून बघत खाली आले, आणि अगदी शेवटी एक राणीछाप रुपया दिसला. काळा पडलेला, अंगभर बारीक खड्डे. ग्रेड सर्वांत खालची. इतके कमी गुण मी कुणाला दिले असते तर पालक भेटायला आले असते. फोटोखाली लिहिलं होतं: नाशिक. नदीतला माल. वर कडीचा डाग, शेजारी ओरखडा. फक्त जागा भरण्यापुरता. म्हणजे ज्याच्या संग्रहात त्या वर्षाच्या रुपयाची खाच रिकामी असेल, त्याने चांगला मिळेपर्यंत हा तिथे बसवून ठेवावा.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

नव्वदीच्या सुरुवातीची ती गोष्ट. माझ्या छातीत गाठ निघाली होती आणि ऑपरेशनचा दिवस ठरला होता. तू घोटीहून सकाळच्या एसटीने आलीस, पिशवीत नवा तांदूळ आणि कोरडी चटणी घेऊन. मी काही अंथरुणात पडून नव्हते, सहामाहीचे पेपर तपासत होते. स्वयंपाकघरातून ठक ठक आवाज येतो. उठून जाते तर तू फरशीवर फतकल मारून बसलेली, गळ्यातला काळा गोफ मांडीवर पडलेला, आणि माझ्या नव्या सांडशीत तुझा तो राणीछाप धरून खलबत्त्याच्या बत्त्याने त्याची कडी तोडतेयस.

"आई, सांडशी वाकेल ना माझी."

"वाकू दे. दुसरी घेशीन."

"पण चांगली कडी कशाला तोडतेस?"

"डागाचं देऊ नाय. द्यायचा तं नुस्ता रुपया द्यायचा."

सोनाराने कधीकाळी डाग देऊन जोडलेली कडी. ती निघाली, पण डागाचा टवका रुपयाला चिकटून राहिला, आणि शेवटच्या ठोक्याला बत्ता निसटून राणीच्या चेहऱ्याशेजारी ओरखडा पडला. तू तो बराच वेळ अंगठ्याने चोळत बसलीस. मग पदराने रुपया पुसून म्हणालीस, "चल, रामकुंडावर जाऊन येऊ." मी कटकट केली. पेपर राहिलेत म्हटलं, ऊन आहे म्हटलं, नदीत चांदी टाकून डॉक्टरचा हात सुधारत नाही हेही म्हटलं. तू चपला घालून दारात उभी होतीस. शेवटी रिक्षा केली. घाटावर तू पाय भिजेपर्यंत पायऱ्या उतरलीस, काही पुटपुटलीस, आणि बाकीचे टाकतात तसा तो लांब न टाकता, वाकून पाण्यात हात घालून हळूच सोडलास. उन्हात क्षणभर चमकून तो दिसेनासा झाला.

"तुझ्या आईचा होता ना गं तो?" मी विचारलं.

"व्हता. आता नाय."

गाठ साधी निघाली. रिपोर्ट घेऊन मी घरी आले तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. मी म्हटलं, "बघ, उगाच घालवलास रुपया. मुळात साधीच होती गाठ." तू वर न बघता म्हणालीस, "साधी व्हती का साधी झाली, तुला काय ठावं?" मी विज्ञानाची पदवीधर. मी तुला पेशी म्हणजे काय, गाठ कशी होते, कुठली वाईट आणि कुठली निरुपद्रवी, सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "चहा ठेवू का?" त्यानंतर तीन वर्षांनी तू गेलीस. तेव्हाही तुझ्या गळ्यात तो गोफ होता, नुसता. त्यात दुसरं काही ओवावं असं तुला वाटलं नव्हतं, आणि एखादा रुपया आणून द्यावा हे मला सुचलं नव्हतं.

परवा मी यांना विचारलं, "आईच्या गळ्यातला रुपया आठवतो का हो तुम्हाला?" पेपर खाली न घेता हे म्हणाले, "रुपया होता? मला त्यांच्या हातची भाकरी आठवते." मग पेपर थोडा खाली आला. "तू नाणी कधीपासून जमवायला लागलीस? उद्या काड्यापेट्यांची चित्रं आणशील." मी उठले. आत जाऊन विकणाऱ्याला फोन लावला.

"मॅडम, तो पीस नका घेऊ," तो म्हणाला. "भेट द्यायचीय ना? शोभेल असा देतो."

"मला तोच बघायचा आहे."

"त्यात बघण्यासारखं काही नाही हो. फोटोत जरा बरा आलाय, समोर त्याहून वाईट आहे."

"तुम्ही विकायला बसलात की गिऱ्हाईक परतवायला?"

तो हसला. "नंतर भांडण नको म्हणून सांगतो. नदीचा माल नदीचा म्हणूनच विकायचा. या तुम्ही, पंचवटीतच आहे मी."

त्याचं खरं दुकान पूजेच्या साहित्याचं. नाण्यांचा हा जोडधंदा. कुंडातलं पाणी सोडून गाळ काढतात तेव्हा काही लोक चाळण्या घेऊन उतरतात, त्यांच्याकडून हा घेतो. फोनवरची मॅडम मी दुकानात शिरताच काकू झाले. कापराच्या डब्यांमागून त्याने तो रुपया काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"हा सापडला कधी?" मी विचारलं.

"काकू, नदी काय पावती देते का?"

तिथे उभ्या उभ्या मला कळलं की हा तुझा की नाही हे मी ठरवूच शकत नाही. टवका होता, ओरखडा होता. पण तुझ्या रुपयाचं वजन हाताला कसं लागायचं ते मला माहीत नाही, कारण तो मी एकदाही हातात घेतलेला नाही. घ्यायची वेळ आली होती. मी पदवी घेऊन घोटीला आले त्या दिवशी तू चुलीपुढे बसल्या बसल्या गोफ डोक्यावरून काढलास आणि माझ्यापुढे धरलास. "घाल. माझ्या आईनं मला दिला, आता तुला." मी म्हणाले, "असलं कोण घालतं आता? बी.एड.च्या होस्टेलवर हसतील मला." तू एवढंच म्हणालीस, "मंग राहू दे," आणि भाकरी उलटून गोफ परत गळ्यात घातलास. त्या वेळी हात पुढे केला असता तर काल त्या हाताने काहीतरी सांगितलं असतं.

मला एवढं आठवतं की कडीचा डाग वाकडा होता, म्हणून तो रुपया तिरका लोंबायचा आणि तू सारखी अंगठ्याने सरळ करायचीस. पण तिरका कुठे? राणी खाली बघायची की वर? कालच्या रुपयावर डाग राणीच्या वेणीकडे सरकलेला होता, म्हणजे ती खाली बघत असणार. मी डोळे मिटून तुझा गळा आठवायचा प्रयत्न केला. तुझी हनुवटी आठवली, तिच्यावरचं गोंदण आठवलं, गळ्याच्या घड्यांत साठलेला घाम आठवला. राणी काही आठवली नाही.

"काकू, घरातलं काही हरवलं होतं का?" त्याने विचारलं.

"हरवलं नव्हतं. टाकलं होतं."

त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि काउंटरखालून एक स्टीलची वाटी काढून पुढे सरकवली. ती काठोकाठ भरलेली होती. सगळे काळे रुपये, आणि बहुतेकांना वर तसाच डाग. "पूर्वी बायका घालायच्या ना. यांना कुणी विचारत नाही. वितळवायला द्यायचे म्हणतो, पण होत नाही." मी एकेक उचलून पाहिला. ओरखडा आणखी दोन-तीन रुपयांवर होता. कुणीकुणी कुठल्याकुठल्या स्वयंपाकघरात बसून कड्या तोडल्या असतील, मला वाटायचं असलं फक्त तूच करू शकतेस.

मग मी स्वतःला गणित घातलं, माझी सवय तुला माहीत आहे. हा तुझा नसेल तर दुसऱ्या कुणाच्या आईचा नवस मी कशाला घरी नेऊ? आणि तुझा असेल तर मला तो घेताच येत नाही. सात-आठ वर्षांची असताना मी त्याच घाटाच्या पायरीवरून एक नाणं उचललं होतं. आपण एसटी स्टँडपर्यंत आलो तेव्हा तू माझी मूठ उघडून पाहिलीस. ओरडली नाहीस. भर उन्हात मला घेऊन पुन्हा घाटापर्यंत चालत आलीस आणि ते माझ्याच हाताने पाण्यात सोडायला लावलंस. "कुणीतरी कायतरी मागून दिलंय ते," तू म्हणालीस. "आपण उचललं का तिचं मागणं मोडतं, बाई." आपली गाडी चुकली आणि पुढची फार उशिरा होती. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येत होतं. तरी मी तो रुपया हातातून खाली ठेवत नव्हते.

सरांसाठी एक बऱ्या ग्रेडचा, स्वच्छ रुपया बांधून घेतला. घरी आल्यावर हे म्हणाले, "काय झालं तुझ्या त्या काळ्या नाण्याचं?" मी म्हटलं, "ग्रेड फारच खालची होती. घेण्यासारखा नव्हता." यांना ते पटलं. मला कमी गुणांचं काही चालत नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत. नदीत सोडावेत तर घाटावर कचरा टाकू नका म्हणून दरवर्षी मुलांची फेरी मीच काढते. कपाटात साड्यांखाली ठेवीन. तिथे कुणी बघत नाही, तेव्हा यांना सांगितलं नाही ते लिहून टाकते. मी जवळजवळ घेतला होता. पर्स उघडलेली होती, रुपया डाव्या तळहातावर होता, आणि माझा उजवा हात पैसे काढायचे सोडून पदराखाली गेला, त्या जुन्या टाक्यांच्या जागी. दुकानात उभी राहून मी तिथे नीट चाचपून पाहिलं. मग रुपया त्याच्या वाटीत ठेवला. मला भीती वाटली, आई.