पार्ट टू हवाच

बाबा,

आपल्या पिक्चरचा पार्ट टू येतोय! कॉलेजात सगळे म्हणतात, "एवढा सुपरहिट पिक्चर, शेवट इतका भारी, आता उगाच शेपूट कशाला?" मी एकटीच भांडतेय, की हवाच.

त्यांना काय सांगू, मी तो शेवट पाहिलाच नाहीये! गर्दीच्या आधी स्कूटर काढायची म्हणून तू नेहमी दहा मिनिटं आधीच उठवायचास. मग घरी येईपर्यंत शेवट आपणच रचायचो. तुझा हिरो कायम घरी परत यायचा. मी मागून ओरडायचे, "बाबा, किती बोअर!" तो शेवट मी अजून मोबाईलवरही बघितला नाहीये.

तू वेगळा राहायला गेल्यापासून मी थिएटरात गेलेच नाही. आई म्हणते, "विचार की त्याला, तो काय खातोय तुला?" पण तू "बिझी आहे गं" म्हणालास तर? म्हणून हे लिहिते आणि पाठवत नाही.

खरं सांगू? हिरोचं पुढे काय झालं, याच्याशी मला काही देणंघेणं नाही. मला फक्त तुझ्याबरोबर पिक्चरला जायचंय.

तुझी,
भांडखोर